'ते आयुदो?' : स्पॅनिशमध्ये 'मदत करू का?' कसं विचारायचं

 

मागच्या भागात आपण स्पॅनिशमध्ये मदत मागायची वाक्यं पाहिली होती. त्यावर बऱ्याच जणांचं म्हणणं आलं की ऐकताना उच्चार निसटतात, लिहून दे. म्हणून यावेळचा भाग लिहूनही देतेय. लोकलमध्ये उभ्याने वाचत असाल तर एका हाताने स्क्रोल करा आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटा. शेजारचा बघेल, बघू दे.

आजचा विषय उलटा आहे. मदत मागायची नाही, द्यायची. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मी मास्टर्ससाठी स्पेनमधल्या वालेन्सियाला गेले. बेनिमाक्लेत नावाच्या भागात चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. इमारत जुनी, लिफ्ट नाही. तिसऱ्या आठवड्यात जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. वय ऐंशीच्या आसपास, एका हातात बटाट्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने ती चाकांची बाजारहाटाची गाडी एकेक पायरी वर ओढत होत्या. धाप लागलेली. आपल्याकडे असतं तर मी तोंड उघडायच्या आधी पिशवी हातात घेतली असती. इथे मात्र मी थांबले आणि डोक्यात वाक्य जुळवायला लागले. ॲपवर शिकलेला शब्द आठवला, आयुदा, म्हणजे मदत. त्याला काहीतरी जोडलं आणि अगदी आत्मविश्वासाने म्हटलं, 'मे आयुदा?'

आजींनी पिशवी खाली ठेवली. गाडी भिंतीला टेकवली. माझा दंड धरला आणि काळजीने म्हणाल्या, 'क्लारो, इखा. के ते पासा?' म्हणजे, 'हो गं पोरी, करते की. काय झालं तुला?'

मी त्यांच्याकडेच मदत मागितली होती.

आता नेमकी चूक कुठे झाली ते बघू, कारण सगळं व्याकरण त्या दोन शब्दांत आहे. 'मे' म्हणजे मला. 'आयुदा' म्हणजे 'तुम्ही मदत करता'. झालं, 'मला मदत करता का?' मला म्हणायचं होतं ते असं: 'ले आयुदो?' 'ले' म्हणजे तुम्हाला. आणि शेवटी 'आ' नाही, 'ओ'. क्रियापदाच्या शेवटी 'ओ' आला की करणारी व्यक्ती 'मी'. म्हणजे सुरुवातीचा छोटा शब्द सांगतो मदत कोणाला, आणि शेवटचा स्वर सांगतो मदत कोण करणार. दोन्ही टोकं सांभाळली की वाक्य तयार.

मित्र असेल, वर्गातली मैत्रीण असेल तर 'ले'च्या जागी 'ते', म्हणजे तुला. 'ते आयुदो?' तुला मदत करू?

इथे मला एक गोष्ट खूप उशिरा कळली आणि ती तुम्हाला आजच सांगते. आपण बहुतेक जण स्पॅनिश शिकतो इंग्रजीतून. मग डोक्यात 'कॅन आय हेल्प यू' येतं, आणि आपण 'कॅन'साठी शब्द शोधतो, 'आय'साठी शोधतो, आणि 'पुएदो आयुदार्ते?' असं लांबलचक काहीतरी बनवतो. ते चूक नाही. लोक तसंही बोलतात. पण जिन्यात, दारात, स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त कानावर पडतं ते नुसतं 'ते आयुदो?' आणि ते इंग्रजीपेक्षा मराठीला जवळ आहे! 'तुला मदत करू?' बघा, 'तुला' आधी, क्रियापद नंतर. स्पॅनिशमध्येही 'ते' आधी, क्रियापद नंतर. आपण 'मी' म्हणायची गरज नसते, 'करू'मध्ये तो आलाच. तिथेही 'मी'साठीचा 'यो' शब्द गाळतात, कारण तो 'ओ'मध्ये आलाच. इंग्रजीचा वळसा घेऊ नका. मराठीतून थेट जा.

एकदा ही किल्ली हातात आली की कुठलंही क्रियापद घाला. 'ते आब्रो ला पुएर्ता?' दार उघडू का? 'ते येबो ला बोल्सा?' पिशवी घेऊ का? 'ते आगो उन काफे?' कॉफी करून देऊ का? फ्लॅटमध्ये चार जण राहत असाल तर 'बाखो ला बासुरा?' हे वाक्य पाठच करा. कचरा खाली नेऊ का? एवढं एक वाक्य वेळेवर म्हटलं की रूममेट्सशी निम्मी भांडणं होत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, यात 'का' कुठे आहे? नाहीये. 'का'चं काम आवाज करतो. शेवट वर उचलला तर 'तुला मदत करू का?' शेवट सपाट ठेवला तर 'तुला मदत करतेय,' विषय संपला. त्यामुळे घाबरून पुटपुटू नका. शेवटचा 'दो' जरा वर फेका.

उच्चाराचं बोलायचं तर आपण सुदैवी आहोत. स्पॅनिश 'त' आणि 'द' दातांना जीभ लावून येतात, आपल्यासारखेच. 'द' दोन स्वरांमध्ये आला की आणखी मऊ होतो, जीभ जेमतेम टेकते. 'एचो'मधला च चहातला, चमच्यातला नाही. 'आयुदो'मधला य स्पेनमध्ये साधारण य आणि ज यांच्या मध्ये कुठेतरी, आणि बुएनोस आइरेसचा माणूस भेटला तर तो चक्क 'आशुदो' म्हणेल. गोंधळू नका, शब्द तोच.

तू आणि तुम्ही. स्पॅनिशमध्ये तू म्हणजे तू! उच्चारही तोच, अर्थही तोच, आणि हा योगायोग नाही, दोन्ही भाषांचं मूळ घराणं एकच आहे. तुम्हीसाठी 'उस्तेद'. फक्त हे दोन कुठे वापरायचे याचं गणित देशागणिक बदलतं. स्पेनमध्ये पटकन 'तू'वर येतात, दुकानदारही गिऱ्हाइकाला 'तू' करतो. मला सुरुवातीला राग यायचा. पण अनोळखी वृद्ध माणसाला 'उस्तेद' म्हणणं बरं. उलट कोलंबियात बोगोताकडे मित्राला, भावाला, नवऱ्यालासुद्धा 'उस्तेद' म्हणणारे लोक आहेत. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' चालतं, पण 'ते' तसाच राहतो, म्हणून 'ते आयुदो?' तिथेही जसंच्या तसं. स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे, त्यामुळे सगळीकडे एकच नियम असेल अशी अपेक्षाच सोडा. आणि हो, बाईंना 'ले आयुदो' की 'ला आयुदो' यावर कोणी तुम्हाला टोकलं तर हसून सोडून द्या. दोन्ही चालतं.

जरा अदबीने विचारायचं असेल तर एक लांब रूप आहे. 'किएरे के ले आयुदे?' मी मदत करावी असं वाटतं का तुम्हाला? इथे 'आयुदो'चं 'आयुदे' झालं. पुस्तकात या रूपाला मोठं नाव असतं आणि मुलं त्या नावालाच घाबरतात. मराठीतलं 'करावी' आठवा. 'मी मदत करते' आणि 'मी मदत करावी' यात जो फरक आहे, साधारण तोच. आपण तो रोज न शिकता करतो.

मग एक वाक्प्रचार, जो स्पेनमध्ये दिवसातून दहादा ऐकू येतो. 'ते एचो उना मानो?' शब्दशः बघितलं तर 'एक हात टाकू का तुला?' मराठीत कोणावर हात टाकला तर पोलीस केस होईल. तिकडे त्याचा अर्थ हातभार लावू का. मेक्सिकोत 'ते एचो ला मानो?' म्हणतात, अर्जेंटिनात 'ते दोय उना मानो?' म्हणजे हात देऊ का. हे मित्रांमधलं बोलणं आहे.

आता तीन खड्डे. पहिला 'आसिस्तीर'. इंग्रजी असिस्टसारखं दिसतं म्हणून आपण मदतीसाठी वापरायला जातो, पण त्याचा रोजचा अर्थ हजर राहणं. लेक्चरला 'आसिस्तीर' करतात. दुसरा 'मोलेस्तार'. 'नो ते मोलेस्तेस' असं कोणी म्हटलं तर दचकू नका. इंग्रजीतला भयंकर अर्थ इथे नाही, 'त्रास घेऊ नकोस' एवढंच. तिसरा खड्डा खोल आहे. स्पेनमध्ये 'ते कोखो ला बोल्सा?' म्हणजे पिशवी धरू का, अगदी निरागस. तेच 'कोखेर' क्रियापद मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात वापरलंत तर ती शिवी वर्गातली गोष्ट होते. तिकडे 'येबार' वापरा, ते सगळीकडे सुरक्षित.

नकार कसा येतो? 'नो, ग्राथियास' तर आहेच. 'नो आथे फाल्ता' म्हणजे गरज नाही. (स्पेनमध्ये हा 'थ' जीभ दातांत धरून, लॅटिन अमेरिकेत सरळ 'स', म्हणून तिकडे 'ग्रासियास' आणि 'नो आसे फाल्ता'.) प्रश्न असा की हा नकार खरा मानायचा की आपल्या 'नको नको'सारखा? माझा अनुभव सांगते. 'नो, ग्राथियास' सपाट आलं तर खरं माना, बाजूला व्हा. पण 'नो ते मोलेस्तेस' आलं, की दार अर्धं उघडं आहे. एकदा म्हणायचं, 'नो एस निंगुना मोलेस्तिया', काही त्रास नाही. तरीही नको म्हटलं तर सोडायचं. दोनदापेक्षा जास्त आग्रह पंगतीत शोभतो, जिन्यात नाही.

दुकानाचं पटकन उरकते. स्पेनमध्ये काउंटरवरचा माणूस नुसतं 'दीमे' म्हणतो, म्हणजे 'सांग मला'. तो उद्धट नाहीये. मेक्सिकोत आणि आसपास 'के से ले ओफ्रेसे?' ऐकू येईल, काय हवं नको तुम्हाला. कोलंबियात विक्रेते 'आ ला ओर्देन!' अशी हाक देतात आणि तुम्ही आभार मानलेत तर उत्तरही 'आ ला ओर्देन'च. नुसतं बघायचं असेल तर 'सोलो एस्तोय मिरांदो, ग्राथियास'. आणि पर्यटक एकमेकांचे फोटो काढायला धडपडत असतात तेव्हा स्पेनमध्ये 'ओस आगो उना फोतो?', लॅटिन अमेरिकेत 'लेस तोमो उना फोतो?' मैत्री करायला याहून सोपं वाक्य नाही.

कोणी रस्त्यात पडलं तर मात्र लांब वाक्यं नकोत. 'एस्ता बिएन?' बरे आहात ना? 'से आ एचो दान्यो?' लागलं का? 'यामो आल थिएन्तो दोथे?' ११२ ला फोन लावू? स्पेनचा आणीबाणीचा नंबर ११२ आहे, आपल्याकडेही तोच, त्यामुळे विसरायला कारण नाही. मेक्सिकोत ९११.

आता ज्यासाठी हा भाग करायचं मनात होतं ते.

२९ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. वालेन्सियाच्या दक्षिणेकडच्या गावांत पाणी घुसलं. फोनवर तो कर्कश इशारा वाजला तेव्हा रात्रीचे आठ वाजून अकरा मिनिटं झाली होती, आणि बऱ्याच ठिकाणी तोवर पाणी छातीपर्यंत आलेलं होतं. वालेन्सिया प्रांतात २२० हून अधिक माणसं गेली. आमच्या भागात काहीच झालं नाही. १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवलेली आहे, त्या नव्या पात्राने शहर वाचवलं. पात्राच्या पलीकडची गावं गेली. आमच्या घरात दिवे होते, नळाला पाणी होतं, आणि काही किलोमीटरवर लोक गाड्यांच्या ढिगाखाली आपली माणसं शोधत होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची धाकटी बहीण बेनेतुसेरला राहायची. एकटी, दुसऱ्या मजल्यावर. गुरुवारी रात्री मी कचरा खाली नेताना त्यांचं दार उघडं दिसलं. आजी टेबलाशी बसल्या होत्या, फोन समोर. दोन दिवस लागत नव्हता. मला किती काय काय म्हणायचं होतं. वाईट वाटतंय, धीर धरा, सगळं ठीक होईल. यातलं एकही वाक्य मला स्पॅनिशमध्ये नीट येत नव्हतं. तोंडातून दोनच शब्द आले. 'बोय यो.'

'बोय' म्हणजे जाते. त्यात 'मी' आहेच. मग मागे 'यो' कशाला? मघाशी मी म्हटलं की 'यो' गाळतात. पण मुद्दाम शेवटी आणला की त्याचा अर्थ बदलतो. मीच जाते. तुम्ही नाही, मी. बिल द्यायचं असेल तर 'पागो यो', मी देते. भांडी घासायची असतील तर 'या लो आगो यो', ते करते मी. आपला 'च' आहे तो. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, वर्षभर कॅफेत ऐकून ऐकून कानात बसलं होतं.

आजी म्हणाल्या, 'नो, इखा, नो.' मी म्हटलं, 'के सी, के बोय यो.' हो म्हणतेय ना, जाते मी.

शुक्रवारी, १ नोव्हेंबरला सुट्टी होती, सर्व संतांचा दिवस. मेट्रो बंद. शहर ओलांडून चालत सान मार्सेलिनोपर्यंत गेले आणि तिथून पुढे रांगच होती. हजारो लोक, हातात झाडू, फावडी, बादल्या, पाठीवर पाण्याच्या बाटल्या, आणि सगळे त्या नव्या पात्रावरच्या पादचारी पुलावरून ला तोरेकडे चाललेले. त्या पुलाला नंतर सॉलिडॅरिटीचा पूल असंच नाव पडलं. पलीकडे उतरलं की घोट्याच्या वर चिखल. वास अजून आठवतो.

तिथे मी मदतीच्या भाषेतली एक गोष्ट शिकले. सुरुवातीला मी प्रत्येक दारात विचारत होते, 'नेसेसितान आयुदा?' मदत हवीय का? व्याकरण बरोबर. आणि जवळपास प्रत्येक दारातून उत्तर यायचं, नको, आम्ही ठीक आहोत, पुढच्या घरी जा, त्यांचं जास्त गेलंय. चिखलात उभे राहून सांगत होते हे. मग माझ्यापुढे चालणारी पोरं काय करतात ते बघितलं. ती 'मदत' हा शब्दच काढत नव्हती. दारातल्या गाद्यांकडे बोट दाखवून म्हणायची, 'साकामोस एस्तो आ ला काये?' हे रस्त्यावर काढू का? आणि आतून लगेच, 'सी, सी, पोर फाबोर.' मदत हवी का या प्रश्नाला हो म्हणायला माणसाला आधी आपण हरलोय हे कबूल करावं लागतं. गादी उचलू का याला नुसती मान हलवली की झालं. 'पोर दोन्दे एम्पेथामोस?' कुठून सुरू करू? तेही चालायचं. वालेन्सियन बोलणारे म्हातारे लोक असतील तर पोरं 'त'अजुदे?' म्हणायची, ती तिथली दुसरी भाषा. ते ऐकून त्यांचे चेहरे जरा सैल व्हायचे.

बहिणीचं घर सापडायला दुपार झाली. इमारतीच्या दारात दोन गाड्या एकमेकींवर चढलेल्या. लोक एका फटीतून बादल्यांनी चिखल उपसत होते, साखळी करून. मी विचारलं, 'मे पोंगो आकी?' इथे उभी राहू का? (हा 'मे' वेगळा बरं का, इथे तो 'स्वतःला' असा आहे. मघाचा धडा विसरू नका म्हणून सांगतेय.) कोणी उत्तर दिलं नाही, सरकून जागा केली आणि बादली हातात दिली. तासाभराने आत जाता आलं. दुसऱ्या मजल्यावर आजींची बहीण होती. ठीक होती. तीन दिवस दिवा नाही, पाणी नाही, जिन्याने उतरणं शक्य नाही. मी पाणी दिलं, आजींनी पाठवलेली ब्लड प्रेशरची गोळी दिली आणि फोटो काढायला फोन काढला. नेटवर्क नव्हतं, पण फोटो निघाला. 'ते आगो उना फोतो?' पर्यटकांचं वाक्य. ती केस सारखे करून हसली.

परत पोचले तेव्हा रात्र झाली होती. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल. आजी जिन्यातच बसल्या होत्या, बहुतेक दुपारपासून. मी फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, बराच वेळ बघितलं, मग चष्मा काढून पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीला पुसला. उठल्या, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं,

'ते आगो उना तोर्तिया?'

तेच व्याकरण. तुला ऑम्लेट करून देऊ? बटाट्याचं, जाड, त्यांचं खास.

मी म्हटलं, 'नो से मोलेस्ते.'

'के नो एस मोलेस्तिया, मुखेर,' आजी म्हणाल्या आणि दार उघडून आत गेल्या. बटाटे सोलायला मी बसले. 'पेलो यो,' म्हटलं. सोलते मी.

पुढच्या भागात आभार आणि माफी घेऊ. 'पेर्दोन' आणि 'लो सिएन्तो' यात लोक जो घोळ घालतात तो मीही घातलाय, त्याची गोष्ट आहे. आस्ता लुएगो!